बंद दाराचं थेट प्रक्षेपण

एक दार बंद आहे, एवढंच लोकांना दाखवत बसायचं, हे सरकारी काम असू शकतं यावर आमच्या घरात शेवटपर्यंत कुणाचा विश्वास बसला नाही.

"तिथे जाऊन करता काय नक्की?" बायको विचारायची.

"दार बंद आहे ते दाखवतो."

"कुणाला?"

"ते कुणीतरी उघडणार असं ज्यांना वाटतं, त्यांना."

"आणि तुम्हाला त्याचा पगार देतात?"

यावर मी डबा उचलून निघत असे. निवडणुकीच्या काळात माझ्याकडे संशयाने बघणाऱ्यांची सुरुवात अशी घरापासून व्हायची.

मी सरकारी विद्युत शाखेत शाखा अभियंता होतो. निवडणूक म्हटली की लोकांना गुरुजी आठवतात, तलाठी आठवतात, पोलिस आठवतात. दिवाळी अंकांतून त्यांचे अनुभवही येतात. पण मतदान केंद्रात दिवा लागतो, मतमोजणीच्या सभागृहात माईक बोलतो, कॅमेरे चालतात, ते कुणामुळे? आमच्याकडे दिवे जाईपर्यंत कुणी बघत नाही. गेले की सगळे एकदम बघतात, आणि ते बघणं चांगलं नसतं.

घोटीला एकदा एका उमेदवाराची सभा होती. विजेची जोडणी सुरक्षित आहे का, हे तपासायला मला पाठवलेलं. मांडवाच्या मागे एक वायर हाताला इतकी गरम लागली की मी काही विचार न करता मुख्य खटका खाली ओढला. त्याच क्षणी व्यासपीठावर उमेदवार म्हणत होता, "मी तुम्हाला शब्द देतो की..." पुढचा शब्द घोटीकरांना कधीच ऐकू आला नाही. कार्यकर्ते मांडवामागे धावत आले तेव्हा मी खटक्याला हात लावून उभा. वायर गरम आहे, हात लावून बघा, असं मी सांगत होतो. पण खटका बंद केल्यावर ती थंड झाली होती. तो उमेदवार पडला. नंतर कितीतरी वर्षं घोटीला तांदूळ घ्यायला गेलो की तिथला एक गिरणीवाला विचारायचा, "साहेब, तेव्हा किती मिळाले होते?"

दुसरी गंमत हरसूलकडची. एका शाळेत सकाळपासून वीज नव्हती, खोलीत अंधार. मी मोठ्या उत्साहाने माझी बॅटरी दोरीने आढ्याला बांधली आणि मतदान यंत्राच्या टेबलाजवळ छान उजेड पाडला. एका उमेदवाराचा प्रतिनिधी ताडकन उठला. त्या मतदारसंघात एका अपक्षाची निशाणी नेमकी बॅटरी होती, आणि मी ती मतदाराच्या डोक्यावर पेटवून टांगली होती! बॅटरी उतरवली, मेणबत्ती आणली. मेणबत्ती कुणाची नाही ना, हे आधी यादीत बघितलं. त्या दिवसापासून निवडणुकीत कुठलीही वस्तू हातात घेण्यापूर्वी मी मनाशी विचारतो, ही कुणाची?

इतकं शहाणपण गाठीशी असूनही मी जे करून बसलो, ते आता सांगतो.

विधानसभेची निवडणूक होती. मतदारसंघ निम्मा शहरात, निम्मा मळ्यांत. मला त्याच महिनाअखेरीला निवृत्त व्हायचं होतं. मतदान झालं की यंत्रं एका सरकारी इमारतीत आणून ठेवतात. त्या खोलीला सुरक्षा कक्ष म्हणायचं. खिडक्या विटांनी बुजवतात, आतली वीज तोडतात, दाराला दुहेरी कुलूप लावून उमेदवारांच्या समोर लाखेचं सील करतात. ज्याला हवं तो उमेदवार स्वतःचं सीलही लावतो. बाहेर केंद्रीय दलाचे जवान. आणि मतमोजणीपर्यंत उमेदवारांची माणसं बाहेर मांडवात बसून मोठ्या पडद्यावर त्या दाराचं थेट चित्र बघतात. कॅमेरा, पडदा, मांडवातली वीज आणि त्या दारावरचा उजेड, एवढं माझ्याकडे.

मांडवात दोन मोठ्या पक्षांची माणसं पाळीपाळीने यायची. एका बाजूचा बंटी नावाचा कार्यकर्ता होता, हातात दोन मोबाईल, तिसरा खिशात. दुसऱ्या बाजूचे एक वकीलसाहेब होते, ते पडद्याकडे कमी आणि बंटीकडे जास्त बघायचे. आणि एका कोपऱ्यात दत्तू आबा.

आबा शहराच्या कडेला मळा करणारे. ढोबळी मिरची, फुलकोबी, थोडा झेंडू. त्यांची सून मनीषा अपक्ष उभी होती, निशाणी ढोबळी मिरची. वस्तीला धड रस्ता नाही, पाऊस झाला की भाजीचा टेम्पो बाहेर निघत नाही, आणि दर निवडणुकीला दोन्ही पक्ष तोच रस्ता मंजूर करून दाखवतात. म्हणून या वेळी वस्तीनेच आपलं माणूस उभं करायचं ठरवलं होतं. मनीषा काही निवडून येणार नव्हती, हे आबांनाही ठाऊक होतं. पण वस्तीची सगळी मतं तिला पडली की पुढच्या वेळी पुढारी रस्ता घेऊन दारात येतील, असा हिशेब होता. त्यासाठी सगळ्या भाऊबंदांनी देवळात बेल-भंडार उचलला होता. ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, देवाचं बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शब्द दिला की तो मोडायचा नसतो. मोडला तर देव बघून घेतो.

"देव बघन वो," आबा मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "पर ह्या खोलीत देवाला बी जाऊ देत नाय. म्हनून मी बसलोय. आमच्या समद्यांचा शब्द हाय त्या मशीनमदी."

मोठ्या पक्षांच्या पाळ्या बदलायच्या, आबांना बदली माणूस नव्हतं. सकाळी भाकरी-चटणी आणि पाण्याची बाटली घेऊन यायचे आणि पडद्यासमोर बसायचे. बंटीने आणलेला चहा त्यांनी घेतला नाही. वकीलसाहेबांचाही घेतला नाही. माझा तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ आले.

"साहेब, एक इचारू का? राग नाय ना येनार?"

"विचारा की आबा."

"हे दार कालधरनं हाललेलं नाय."

"हलायलाच नको आहे ते."

"ते बराबर. पर मंग हा फोटू नाय कशावरून?"

मी हसलो. पडद्याच्या कोपऱ्यात पळणारे वेळेचे आकडे दाखवले.

"हे आकडे आमचा नातू मोबाईलमदी कुत्र्याच्या फोटूवर बी पळवून दाखवतो," आबा म्हणाले. "तुमी एक फोटू काढून लावला, वर आकडे सोडले, आन् पाठीमागून दार उघडलं तर मला इथं बसून काय कळनार? दगडाकडं बघत बसल्यावानी."

माझं हसू थांबलं. आयुष्यभर विजेत काढलं, पण बंद दाराचं चित्र चालू आहे हे सिद्ध कसं करायचं, हे मला सांगता येईना. जवान तर बोळाच्या तोंडाशी, गजाच्या दाराबाहेर, कॅमेऱ्याच्या कक्षेत नाहीत. आत वारा नाही, माशी नाही. आमचा प्रश्न ऐकून वकीलसाहेब खुर्ची पुढे ओढून बसले. बंटीने लगेच कुणालातरी फोन लावला, "भाऊ, इथे एक वेगळाच अँगल निघालाय."

मला गप्प बसता आलं असतं. पण मला तोडगा सुचतो, ही माझी जुनी खोड आहे. मी म्हणालो, "दारासमोर हलणारी एखादी वस्तू ठेवू. ती हलतेय म्हणजे चित्र चालू."

निवडणूक निर्णय अधिकारी एक मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "हे नियमात कुठे आहे?"

"कुठेच नाही मॅडम. म्हणजे मनाईही नाही."

"नाही म्हणजे मनाई नाही, हे तुमच्या विजेत चालतं का?"

पण मांडवातली गर्दी वाढत चालली होती. सगळे प्रतिनिधी तयार असतील तर ठेवा, असं त्या म्हणाल्या. तयार व्हायला कुणाची ना नव्हती. अडचण वस्तूची होती.

"भिंतीवरचं घड्याळ लावू," मी म्हणालो, आणि सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. कुणी काही बोलायच्या आत मीच जीभ चावली.

"पंखा?" एका अपक्षाची निशाणी. फुगा, पतंग, तेच. "मग रंगीत फडकं टांगू आणि खाली दिसणार नाही असा छोटा पंखा ठेवू," मी म्हणालो. "रंग कुठला?" वकीलसाहेबांनी विचारलं. भगवा नको, हिरवा नको, निळा नको, पिवळ्याबद्दल मतभेद.

"पांढरं घ्या," मी म्हणालो.

"म्हणजे आम्ही हरलो असं दाखवायचं?" बंटी म्हणाला.

तेव्हा मला आठवलं की प्राणी-पक्षी आता नव्याने कुणाला चिन्ह म्हणून देत नाहीत. मी धावत जाऊन माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचं खेळणं आणलं. तपकिरी कुत्र्याचं पिल्लू, बसलेलं, गळ्यात पट्टा. त्याच्या खाली उन्हावर चालणारी पट्टी असते. उजेड पडला की ते मान वरखाली हलवत राहतं. दारावर दोन हॅलोजन दिवे होते, त्यांच्या झोतात ते मजेत डोलायला लागलं.

कुत्र्याची तपासणी झाली. बंटीने ते उलटं करून "आत चिप नाही ना?" विचारलं. आबांनी कानाशी धरून हलवलं. वकीलसाहेबांच्या आग्रहावरून पंचनामा झाला. त्यात 'तपकिरी रंगाचे, मान हलविणारे' असा उल्लेख आहे. मग सगळ्यांसमोर ते दाराशेजारी स्टुलावर ठेवलं. पहाऱ्यावरचा जवान बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. शेवटी हळूच म्हणाला, "साब, ये किसकी तरफ से है?"

त्या संध्याकाळी मांडवात पहिल्यांदा शांतता होती. माणसांना बघायला काहीतरी मिळालं होतं. जो येईल तो पडद्याकडे बघून "हलतंय ना?" विचारी आणि बसे. मी इतकी वर्षं साहेबांसमोर हेच करत आलो, असं मी बंटीला सांगितलं, तो खूप हसला. आबांनी मी आणलेला चहा अर्धा कप घेतला. मला फार बरं वाटलं. मला बरं वाटलं की पुढे काय होतं ते हरसूलवाल्यांना विचारा.

मतमोजणीच्या आदल्या दिवशी दुपारी बंटी म्हणाला, "साहेब, दारावरच्या सीलवर चमक मारतेय. ठसा दिसत नाही नीट. तो डावीकडचा दिवा कमी करता येईल का?"

मी बघितलं. खरंच चमक होती. खटके गजाच्या दाराबाहेरच होते. मी एक खटका बंद केला, पडद्यावर लाखेचा ठसा लख्ख दिसायला लागला. बंटीने वा वा केली. मग मी जेवायला इंदिरानगरला घरी गेलो. पहिला घास घेतला आणि फोन वाजला.

"साहेब," बंटी ओरडत होता, "कुत्रं मेलं!"

मी पोचलो तेव्हा मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. चॅनेलवाले आले होते. पडद्यावर कुत्र्याची मान खाली पडलेली, हनुवटी छातीला टेकलेली, आणि कोपऱ्यात वेळेचे आकडे बिनधास्त पळत होते.

"वेळ चालतेय, कुत्रं थांबलंय!" बंटी कॅमेऱ्यासमोर सांगत होता. "म्हणजे चित्र जुनं, आणि वेळ वरून चिकटवलेली!"

आबांचाच प्रश्न आता त्याच्या तोंडी होता. आबा स्वतः पडद्याच्या अगदी जवळ उभे राहून त्या मानेकडे बघत होते. ओरडणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही; ओरडणारा दमतो. आबा दमणाऱ्यांतले वाटत नव्हते.

माझं डोकं चाललं नाही. आमच्या धंद्यात काही अडलं की पहिलं काम ठरलेलं, बंद करून चालू करायचं. मी रेकॉर्डरचं बटण दाबलं आणि अख्खा पडदा काळा झाला. गर्दीतून जो आवाज उठला, तसा मी सभांतही ऐकला नव्हता. त्या काळ्या पडद्यावर मला माझं पेन्शन अगदी स्पष्ट दिसलं. चित्र परत आलं, तेव्हा दार तसंच, कुलूप तसंच, कुत्रंही तसंच.

"पडदा काळा करून काय केलंत आत?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मी तर इथेच आहे तुमच्यासमोर."

"तुम्ही इथे आहात. आत कोण आहे?"

मॅडम आल्या. प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस घेऊन, चित्रीकरण करत, सगळे आत गेलो. कुलपं जागेवर. सीलं जागेवर. आबांनी सुनेच्या सीलवर बोट न टेकवता बोट फिरवलं आणि मान डोलावली. मग सगळे कुत्र्याभोवती गोल उभे राहिले. गेल्या कित्येक निवडणुकांत एवढे पक्ष एका वस्तूवर एकमताने वाकलेले मी पाहिले नव्हते.

"हे का थांबलं?" मॅडम म्हणाल्या.

मी ते उचललं. फुंकर मारली, थापट्या मारल्या, उलटं केलं. खालची पट्टी बघायला चष्मा लावला तरी नीट दिसेना. "इथे जरा लाइट लावा रे," मी मागे ओरडलो. आणि वाक्य पुरं होईपर्यंत मला सगळं कळलं होतं.

बाहेरच्या जवानाने दुसरा हॅलोजन लावला. माझ्या हातातल्या कुत्र्याने मान वर केली, जराशी खाली घेतली आणि मग पहिल्यासारखी डोलवायला सुरुवात केली. विद्युत शाखेतल्या अभियंत्याने उजेडावर चालणाऱ्या खेळण्याचा उजेड काढून घेतला होता. जवान हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"लाइट कुनी बंद केला व्हता?" आबांनी विचारलं.

"मी."

"कुनी सांगितलं?"

मी बंटीकडे बघितलं. बंटी छताकडे बघत होता. "मी आपलं सहज म्हटलं," तो म्हणाला.

"सहज," आबा म्हणाले. एवढंच. पण त्या एका शब्दाने मी आणि बंटी आबांच्या लेखी एका गाडीत बसलो ते बसलोच.

मॅडमनी बाहेर येऊन आबांना विचारलं, तक्रार लेखी देणार का? बाकीच्यांच्या तक्रारी ओरडून संपल्या होत्या. आबा म्हणाले, "उद्या मतं निघू द्या. मंग बगू." आणि मला नोटीस मिळाली, खुलासा करा. मी रात्रभर... नाही, रात्रभर कसला, बायकोसमोर बसून खुलासा लिहिला: 'प्रकाशझोत कमी केल्याने खेळण्यातील श्वानास पुरेशी ऊर्जा न मिळाल्यामुळे.' तिने वाचला आणि म्हणाली, "हे द्यायच्या आधी राजीनामा दिलात तर कमी लाज वाटेल."

मतमोजणीला मी सभागृहात माईकपाशी होतो. आतली पद्धत अशी की एकेका केंद्राचं यंत्र टेबलावर येतं, जाळीपलीकडे उमेदवारांची माणसं बसतात, यंत्रावर आकडे दिसतात, ते ही माणसं लिहून घेतात. त्यामुळे कुठल्या वस्तीवर कुणाला किती मतं पडली, हे लगेच उघडं पडतं. आबांच्या वस्तीचं यंत्र आलं तेव्हा आबा उठून जाळीला चिकटले. सील तपासलं, ठीक होतं. आकडे आले. ढोबळी मिरचीचा आकडा त्यांनी पुन्हा दाखवायला लावला. पुन्हा तोच. मग ते खाली बसले नाहीत, बाहेर निघून गेले.

बंटीचा उमेदवार निवडून आला. दुपारी इमारतीच्या आवारात गुलालच गुलाल. मी मांडवात बसून वायरी गुंडाळत होतो. आबा आले आणि समोर खुर्ची ओढून बसले.

"साहेब, कुत्रं थांबलं व्हतं तेवढ्यात दार उघडलं असंल का?"

"नाही आबा."

"पडदा काळा झाला तवा?"

"तेव्हाही नाही. सील तुम्ही स्वतः बघितलंत."

"बगितलं." त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "तरी तुमी म्हना ना, असंल म्हनून."

मला आधी कळलंच नाही ते काय मागताहेत.

"आमच्या वस्तीवर जेवडी आमची घरं, तेवडी बी मतं नाय पडली पोरीला. घरं म्हंतो मी, मान्सं नाय. भंडार माझ्या हातनं उचलला समद्यांनी. मशीन खरं असंल तर ते खोटे झाले. उद्या सकाळी त्यांच्याच संगं मिरची तोडायची हाय मला. कुनाच्या तोंडाकडं बगू सांगा."

सगळी नोकरी मी लोकांना सांगत आलो होतो की मी काही केलं नाही, आणि एकानेही ते मानलं नव्हतं. आता समोरचा माणूस, मी काहीतरी केलं असं म्हणा, म्हणून गयावया करत होता. मला त्याची दया आली. मला खिशातली नोटीसही आठवली. यातलं आधी काय झालं ते विचारू नका.

"आबा," मी म्हणालो, "लिहून मागाल तर देणार नाही. दार उघडलं नव्हतं. पण वस्तीवर जाऊन सांगा, त्या लाइटवाल्याने घोळ घातला. माझं नाव घ्या. मी नाही म्हणायला येणार नाही."

आबा विचार करत होते, तेवढ्यात मनीषा स्कूटर घेऊन आली. उन्हाने चेहरा ओढलेला, पदर खोचलेला, गळ्यात अजून उमेदवाराचं ओळखपत्र.

"आबा, चला. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"मनीषा, हे साहेब म्हनत्यात मशीनमदी घोळ झाला," आबा म्हणाले. मी सांगितल्यापेक्षा ते चांगलं सांगत होते.

तिने माझ्याकडे बघितलं. मी वायरीत काहीतरी शोधू लागलो.

"घोळ मशीनमध्ये नाही आबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या दारात उभी होते. कोण माझ्याकडे बघून आत गेलं आणि कोण खाली बघत गेलं, तेव्हाच कळलं मला. मला काही मोजायची गरज नव्हती."

आबा खुर्चीवरून उठले.

"तुम्हीही खालीच बघत गेलात आबा."

"पायऱ्या व्हत्या तिथं," आबा म्हणाले. "ह्या वयात पायऱ्या बगाव्या लागत्यात."

"असतील," मनीषा म्हणाली आणि स्कूटर सुरू केली. आबा मागे बसले.

त्या शाळेत वीज जोडायला मीच गेलो होतो. व्हीलचेअरसाठी तिथल्या पायऱ्यांवर फळ्या टाकून, वर चटई अंथरून सलग उतार केला होता, आणि माझी वायर त्याच्याच खालून नेली होती. मतदानाच्या दिवशी त्या दारात एकही पायरी दिसत नव्हती.

स्कूटर फाटकापाशी गुलालाच्या गर्दीत अडकली, तेव्हा आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला काही माहीत तर नाही ना, असा संशय आल्यासारखं. मी वायर गुंडाळत राहिलो.